तायडेकाकांचा डावा पीळ

सासूबाईंचं तेरावं होतं. पहिली पंगत बसली होती आणि मी वरण वाढत होते, तेवढ्यात शेजारचे तायडेकाका दारात येऊन उभे राहिले. हात जोडून, मान खाली घालून दोन मिनिटं गप्प राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, घरात अजून काही मेलं असन तं फेकू नका. आधी मले सांगा."

वरणाची पळी माझ्या हातात तशीच राहिली. पंगतीतल्या नणंदबाईंनी उचललेला घास खाली ठेवला. काकांना वाटलं, आपलं बोलणं नीट ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी खुलासा केला, "मिक्सर, पंखा, प्रिंटर, काहीही चालते. आत मोटर असली की झालं."

नणंदबाई त्या दिवसापासून त्यांचं नाव घेत नाहीत. मला मात्र घ्यावं लागतं, कारण आमच्या दोघांच्या अंगणात फक्त एक तारेचं कुंपण आहे. आणि या सहा-सात वर्षांच्या शेजारात त्या माणसानं मला इतके धक्के दिलेत, की आता त्यांची सावली दारात पडली तरी मी आधी हातातली काचेची वस्तू खाली ठेवते.

दामोदर तायडे. मलकापुरात रेल्वे लाइनीपलीकडे आमची वस्ती आहे, तिच्यातलं शेवटचं घर त्यांचं. एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून सगळा जन्म गेला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या फॅक्टरीतच राहिलं. बायको वारली, मुलगी अकोल्याला दिलेली. घरात काका एकटे, आणि गावभरातून गोळा केलेली बंद पडलेली यंत्रं.

त्यांना 'बंद पडलेली' म्हटलेलं खपत नसे. एखादा मिक्सर आला की ते स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या पोटाला लावायचे, मूठ स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. मग निकाल यायचा. निकाल तीनच प्रकारचे. 'मेलं', 'रुसलं' आणि 'नाटक करून राह्यलं'. एकदा माझ्या नवऱ्याची पाठ धरली होती. काका भेटायला आले, पलंगाजवळ उभं राहून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाले, "रुसली आहे. मोटर चांगली आहे." नवरा संध्याकाळी उठून बसला, तेही मुख्यतः रागानं.

एका रविवारी त्यांनी मला कुंपणापलीकडून हाक मारली. अंगणात कूलरच्या जुन्या स्टँडचे दोन लोखंडी अँगल समांतर ठेवलेले. एका टोकाला झेरॉक्स मशीनमधून काढलेली मोटर, मधे हाताएवढा लांब, स्क्रूसारख्या आट्यांचा रॉड, आणि वायरींचं एक जंजाळ.

"हे काय आहे काका?"

"खराद."

खराद म्हणजे लेथ. लाकूड गरगर फिरवायचं आणि हत्यार लावून त्याला गोल आकार द्यायचा. पाळण्याचे खांब, खाटेचे पाय, पोळपाटाचे पाय, सगळे त्याच्यावर होतात. एवढं मला माहीत होतं. पण काका पुढं म्हणाले, "ही हातानं नाई चालणार. कॉम्प्युटर चालवन. लाकडाले पीळ पाडन."

मला हसूही आलं नाही, इतकी मी चकित झाले. कारण या माणसाला फोनमध्ये नंबर शोधता येत नव्हता. ज्याला फोन करायचा असेल त्यानं आधी यांना करावा, मग हे तोच नंबर परत दाबत. आणि आता कॉम्प्युटर.

सगळं ते मोबाईलवरच्या व्हिडिओंत बघून शिकत होते. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापल्या गॅरेजमध्ये अशी यंत्रं बनवतात, ते हे आवाज बंद करून बघत.

"आवाज तरी चालू ठेवा," मी म्हटलं.

"आवाज कायले पाह्यजे? थो हातानं काय करते ते पाह्यचं. तोंडानं तं सगळेच करतात."

मी शाळेत गणित शिकवते हे त्यांना ठाऊक होतं. एके दिवशी ते लाकडाचा एक गोल दांडा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मॅडम, पीळ म्हणजे गणितात काय असते?"

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापला आणि लाटण्याभोवती गुंडाळला. त्रिकोणाची तिरपी बाजू लाटण्यावर पिळासारखी वर चढत गेली. काकांनी तो कागद सोडवला, पुन्हा गुंडाळला. असं आठ-दहा वेळा केलं. मग म्हणाले, "म्हणजे पीळ मुळात सरळच असते. आपण त्याले गुंडाळतो."

 हे वाक्य मला वर्गात इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग हिशेब झाला. तीनशे मिलिमीटर लांबीत त्यांना साडेसात फेरे हवे होते. म्हणजे लाकूड एकदा फिरेल तेवढ्यात हत्यार चाळीस मिलिमीटर पुढं सरकायला हवं. मी म्हटलं, "साडेसात कशाला? आठ करा, किंवा सहा. शोभेलाच करायचं ना?"

"नाई. साडेसात. अन् डाव्या अंगानं."

"त्याला उलटं फिरवावं लागेल. आकड्याआधी वजा चिन्ह द्या."

"फक्त वजा?"

"फक्त वजा."

ते बराच वेळ त्या छोट्या आडव्या रेघेकडे बघत बसले होते. एवढ्याशा रेघेनं एवढी मोटर उलटी फिरते, यावर त्यांचा विश्वास बसायला दोन दिवस लागले.

लॅपटॉप माझ्या मुलाचा जुना होता. त्याची सात नंबरची कळ तुटलेली. साडेसात फेऱ्यांचे अंश होतात दोन हजार सातशे, आणि सातच लिहिता येत नाही. काकांनी यावर उपाय काढला. कुठल्याशा जुन्या फाइलमध्ये एक सात पडलेला होता. तिथून तो उचलून ते आपल्या आज्ञांमध्ये आणून चिकटवत. "सात उसना आणतो," म्हणायचे. मी दुसरा कीबोर्ड विकत आणा म्हटलं, तर म्हणाले, "एका अंकासाठी सगळे कायले बदलाचे?"

पहिल्या चाचणीच्या दिवशी त्यांनी डोक्यात मोटरसायकलचं हेल्मेट घातलं, तोंडाला गमछा बांधला आणि आम्हाला आमच्या घरात जायला सांगितलं. बटण दाबल्यावर आधी गल्लीतली लाइट गेली. ती परत आली तशी मशीन जिवंत झाली आणि बाभळीचा ठोकळा तिच्या तावडीतून सुटला. कुंपणावरून आला आणि आमच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडून आत पडला. मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांसमोरून गेला तो. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

काका हेल्मेटसकट धावत आले. भोकातून पाण्याची धार लागली होती. त्यांनी तिच्यात बोट घातलं, धार थांबवली आणि तसेच उभे राहून म्हणाले, "तुम्हाले लागलं नाई ना मॅडम?" मी मान हलवली. मग ते म्हणाले, "फेकलं तं सरळ रेषेत. म्हणजे सेंटर बरोबर आहे."

टाकी त्यांनीच बुजवली. आणि त्यानंतर मशीनला जाळीचा पिंजरा बसला.

दोन वर्षं असंच चाललं. कधी हत्यार पुढं पळायचं आणि लाकूड मागं राहायचं, कधी पीळ अर्ध्यात तुटायचा. मग एका दिवाळीच्या सुटीत त्यांनी मला पुन्हा हाक मारली. जाळीच्या आत लाकूड हळूहळू फिरत होतं, छोटं कोरणारं हत्यार त्याच्यावरून सरकत होतं, भुसा उडत होता, आणि त्या साध्या दांड्यावर एक पीळ उमलत चालला होता. वेणी घालावी तसा. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. 

बातमी गावात पसरली. एका फर्निचरवाल्यानं जिन्याच्या कठड्याचे दांडे मागितले. कुणाला देव्हाऱ्याला खांब हवे होते, कुणाला झोपाळ्याला. विहारातल्या लोकांनी बुद्धमूर्तीच्या चौथऱ्यासाठी चार खांब करून द्या म्हटलं, आणि त्यांना काका कधी नाही म्हणत नसत. या वेळी त्यांनाही नाही म्हणाले. सगळ्यांना एकच उत्तर, "अजून बरोबर नाई."

आम्हाला तर ते पीळ बघून डोळे दिपत होते. बरोबर नाही म्हणजे काय, ते कुणालाच कळेना.

आणि मग थंडीतल्या एका सकाळी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर काका अंगणात पाणी तापवायच्या बंबापुढं बसलेले. बंबात जाळ होता आणि काका त्यात एकेक पीळदार दांडा सारत होते. शेजारी अजून पंधरा-वीस रचलेले. गावात ज्यांच्यासाठी लोक हेलपाटे घालत होते, ते.

माझ्या हातून ओला टॉवेल मातीत पडला. मी कुंपणाची तार वर करून तशीच पलीकडे गेले आणि एक दांडा जाळातून ओढून काढला.

"काका, हे काय करताय?"

"अंघोळीचं पाणी."

"अहो, पण जाळता कशाला? द्या ना कुणाला. मी नेते सगळे."

"चुकलेले आहेत मॅडम. चुकलेला पीळ ठेवू नाई. दुसऱ्याच्या घरी जाते अन् मंग जन्मभर दिसते."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी तिथंच विटेवर बसले. म्हटलं, "कुणाच्या घरी गेलाय?"

काकांनी बंबाचं झाकण लावलं. मग सांगितलं.

मुळात ते देऊळघाटचे. तरुणपणी तिथल्या हमीद उस्तादांच्या हाताखाली खराद शिकले. चार वर्षं. उस्ताद खाटेच्या पायांना साडेसात फेऱ्यांचा असा पीळ पाडायचे की बुलढाण्याहून माणसं यायची. दोन पायांना उजवा पीळ, दोन पायांना डावा, म्हणजे खाट समोरून बघितली की दोन्ही बाजू एकमेकींकडे तोंड करतात. उस्तादांच्या मुलीचं, शकीलाचं लग्न ठरलं. तिच्या खाटेचे तीन पाय झाले, आणि उस्तादांच्या उजव्या मनगटावर लाकूड पडलं. पट्टी बांधली.

"चौथा पाय माह्याकडं दिला. डावा पीळ. त्याईनं म्हटलं, दामू, आता तुह्या हातानं होऊ दे. लग्नाले आठ दिवस होते. अन् मले अठल्या, मलकापूरच्या फॅक्टरीचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशीच हजर व्हा म्हणे."

"मग उस्तादांना सांगायचं."

"सांगतलं असतं तं त्याईनं अडवलंच नसतं. तेच तं आहे. मी सांगतलंच नाई. त्याईच्या तोंडाकडं पाहून मले जाता आलं नसतं, म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं पळून आलो."

नंतर ते देऊळघाटला कधी गेलेच नाहीत. लग्नाचं काय झालं विचारलं नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी उस्ताद वारले, तेही त्यांना महिन्याभरानं कळलं. शकीला पिंपळगाव राजाला दिलेली आहे, एवढं माहीत होतं. मलकापुरातून तिथं जायला फार तर दोन तास लागतात. चाळीस वर्षांत ते गेले नव्हते.

"तीनच पाय पिळाचे, अन् एक साधा. असं जाऊन बसलं असन पोरीच्या सासरी. चार लोकाईत उस्तादची काय इज्जत राह्यली असन, सांगा."

 दोन वर्षं. गल्लीची लाइट, माझी टाकी, ती झेरॉक्सची मोटर, उसने आणलेले सात.

"काका, हे सगळं एका पायासाठी?"

"पाय एकच राह्यला होता ना मॅडम."

"मग हातानंच का नाही केला? शिकला होतात तुम्ही."

त्यांनी उजवा हात पालथा करून पाहिला. "हाताचा भरोसा नाई. एकदा पळून गेलेला हात आहे थो."

फेब्रुवारीत सागवानाचा पाय तयार झाला. त्याला ते 'बरोबर नाई' म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. जुन्या चादरीत गुंडाळून माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही संग चला. मले बोलता येणार नाई."

रविवारी आम्ही निघालो. नांदुऱ्याला गाडी बदलली. वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. शिक्षिका असल्यामुळे प्रस्तावनेसकट.

शकीलाबींचं घर विचारत विचारत गेलो. साठीची बाई, ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेली. मी नमस्कार करून सुरुवात केली, "आम्ही मलकापूरहून आलो, यांचं तुमच्या वडिलांकडे..." तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती काकांकडे बघत होती. काका फाटकाच्या खांबाला चिकटून उभे होते, चादरीतला पाय छातीशी.

"दामूभाई आहे ना?" ती म्हणाली.

काकांची मान हलली.

"उभं राह्यची तऱ्हा तीच आहे. अब्बा चिडले की तू असाच दाराले चिटकून राहे." तिनं सूप बाजूला ठेवलं. "आत ये."

माझी प्रस्तावना तिथंच संपली.

खाट आतल्या खोलीत होती. वर गादी, नातवंडांची दप्तरं, उशा. शकीलाबींनी चादरीचा काठ वर केला. तीन पाय मी बघितले, सुरेख, काळे पडलेले. आणि चौथा बघितला.

चौथा साधा नव्हता. त्यालाही पीळ होता. पण कसला, इथं खोल, तिथं उथळ, मधेच घसरलेला, कुणीतरी चाकूनं कोरत कोरत कसाबसा वरपर्यंत नेलेला.

"निकाहच्या आदल्या दिवशी अब्बानं पुरा केला," शकीलाबी म्हणाल्या. "उजव्या हाताले पट्टी होती. डाव्या हातानं केला. रात्रंदिवस बसले होते."

काका जमिनीवर बसले.  त्यांनी त्या वेड्यावाकड्या पिळावर हात ठेवला आणि विचारलं, "माह्यावर लय चिडले असतीन."

"चिडले ना. दोन दिवस चिडले."

"मंग?"

"मंग काय. जो येई त्याले सांगत, हा पाय मी कच्चा बसवला आहे, दामू आला की बदलून देईन. मी माहेरी गेली की इचारत, तुह्याकडं दामू आला होता का. शेवटी शेवटी लोकं ओळखू येत नव्हते, तरी हे इचारत."

मी काकांकडे बघू शकले नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक बकरी शांतपणे कुंपण खात होती. इतकी वर्षं हा माणूस ज्या रागाला घाबरून दोन तासांवर आला नाही, तो राग चाळीस वर्षांपूर्वीच संपलेला होता.

काकांनी चादर सोडली. नवा पाय जुन्याशेजारी ठेवला. शकीलाबींनी तो हातात घेऊन फिरवून बघितला, पिळावरून अंगठा नेला, होकारार्थी मान डोलावली आणि फक्त "हाव" म्हणाल्या.

नव्या पायाच्या वरच्या चौकोनात खाटेच्या दांड्या बसण्यासाठी खाचा पाडायच्या होत्या. काकांनी खिशातून टेप काढला, मापं घेतली. "मशीनवर खाचा मारून आणतो. पुढच्या रविवारी बसवतो."

"नाई," शकीलाबी म्हणाल्या. "तू गेला की येत नाई. अठीच कर."

त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं एक पुडकं घेऊन आल्या. त्यात पटाशी होती, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, आणि लाकडी हातोडा. दोन्हींच्या मुठी झिजून काळ्या झालेल्या. काकांनी त्या ओळखल्या. हात मागं घेतला.

"शकीला, माह्या हातानं होत नाई आता. बोटं पण नाईत."

शकीलाबी फरशीवर बसल्या, सागवानाचा पाय आडवा घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. "मी धरते. मार."

पहिला घाव घसरला. दुसराही. तिसरा लागला. तीन बोटांच्या मुठीतून पटाशी निसटायची, काका ती पुन्हा धरायचे. शकीलाबींनी एकदाही 'सांभाळून' म्हटलं नाही. मी मधे पाणी आणून दिलं, तेवढंच माझं काम. दुपार कलली तेव्हा दोन्ही खाचा झाल्या. जुना पाय निघाला, नवा बसला. दुसरी खाच जरा मोठी झाली होती. काकांनी हलवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ढिला झाला."

"चिपटी मार एक," शकीलाबी म्हणाल्या. "अब्बाचाही ढिलाच होता."

काकांनी लाकडाची पाचर खाचेत ठोकली. दप्तरं, उशा, गादी परत खाटेवर गेली. शकीलाबींनी बसून बघितलं, मग काकांना म्हणाल्या, "बस." ते तयार नव्हते. "बस ना," त्या पुन्हा म्हणाल्या, तेव्हा अगदी काठावर, पाव्हण्यासारखे बसले.

निघताना शकीलाबींनी जुना पाय ओढणीच्या टोकानं पुसला आणि काकांच्या हातात दिला. "हा तुह्या जागेवर होता. तूच ने."

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "बाबा, लाकूड वर ठेवा, लोकाईले लागते." काकांनी ते वर ठेवलं नाही. मांडीवर आडवं घेतलं. कंडक्टरनं सहज विचारलं, "कायचं आहे?" एरवी अनोळखी माणसानं नुसतं बघितलं तरी ते मोटरपासून वजा चिन्हापर्यंत सगळं ऐकवत. मी तयारीत बसले. पण ते एवढंच म्हणाले, "उस्तादच्या हातचं आहे." कंडक्टर पुढं गेला.

दोन्ही बाजूंना काढणीला आलेला हरभरा होता. काका त्याच्याकडे बघत होते, पण बघत नव्हते. नांदुरा जवळ आलं तेव्हा त्यांनी खिडकीकडेच तोंड ठेवून विचारलं, "मॅडम, दोनच दिवस म्हणाली ना ती?"

"हो काका. दोनच."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.